सोर्स कुठे आहे?

(प्रस्तावना)

नम्मा मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली आणि तिचं शेवटचं स्थानक म्हणून बोम्मसंद्रा हे नाव बेंगळुरूबाहेरच्यांच्याही कानावर पडू लागलं. त्याआधी ती होसूर रस्त्यावरची एक औद्योगिक वसाहत होती. आनेकल तालुका, कारखान्यांच्या रांगा, तमिळनाडूकडे धावणारे ट्रक. याच वसाहतीत नारायण हेल्थ सिटी आहे. हृदयरोगाच्या रुग्णालयापाठोपाठ २००९मध्ये तिथे मजुमदार शॉ कर्करोग केंद्र सुरू झालं. आसपासच्या गल्ल्यांत लॉज आणि खानावळींवर बंगाली पाट्या दिसतात, कारण पूर्व भारतातून आणि बांगलादेशातून उपचारांसाठी येणारी कुटुंबं इथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोत्सारी पदार्थ असतात, हे त्या लॉजमालकाला माहीत असतं का? बहुधा नसतं. माहीत असण्याची गरजही पडू नये, अशी व्यवस्था असायला हवी. ही व्यवस्था चालते की नाही ते कोण पाहतं आणि कसं पाहतं, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय.

बोम्मसंद्र्यात बसून हे लिहिताना मला आधी रस्ता आठवतो. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. गाडी सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकली, तर जवळजवळ एक तृतीयांश औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधीच संपलेलं असतं. हाडांच्या आणि हृदयाच्या तपासण्यांत वापरलं जाणारं टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं. थायरॉईडसाठी दिलं जाणारं आयोडीन-१३१ आठ दिवसांत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून किरण देणारं इरिडियम-१९२ चौऱ्याहत्तर दिवसांत. कोबाल्ट-६०ला सव्वापाच वर्षं लागतात, सीझियम-१३७ला तीस. एकेकाळी इस्पितळांच्या तिजोऱ्यांत असलेल्या रेडियमच्या सुयांना तर सोळाशे. एका छपराखाली मिनिटं, दिवस आणि पिढ्या अशी सगळी मापं एकत्र नांदतात. त्यांना एकच फूटपट्टी लावणारा तपासनीस पहिल्या तासातच फसतो.

नवख्या वाचकाने आणखी एक फरक आधीच समजून घ्यावा. एक्स-रे मशीनचं किंवा लिनिअर अॅक्सिलरेटरचं बटण बंद केलं की किरण संपतात. किरणोत्सारी सोर्सला बटण नसतं. रुग्ण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात तो देणारं कोबाल्ट मशीन ‘बंद’ होतं, म्हणजे सोर्स शिशाच्या किंवा टंगस्टनच्या कवचाआड जातो, एवढंच. आतला कोबाल्ट रविवारीही, संपातही, रुग्णालय विकलं गेल्यावरही किरण टाकत राहतो. म्हणून एक्स-रेच्या तपासणीत यंत्र बघतात आणि सोर्सच्या तपासणीत आधी हिशेब बघतात: किती आले, किती उरले, कुठे आहेत, परत कोणाकडे गेले. पुस्तक वाचताना मला सतत जाणवलं ते हे की रुग्णालयातला किरणोत्सार वापरात असताना सहसा घात करत नाही. त्याचा विसर पडला की करतो.

या क्षेत्राची सुरुवात वेदनेतून झाली. राँटगेनने १८९५मध्ये क्ष-किरण शोधले, १८९८मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम, आणि पुढच्या दोन दशकांत हे किरण हाताळणाऱ्या डॉक्टरांची बोटं झडू लागली. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६मध्ये अशा बळींचं स्मारक उभारलं, तेव्हा त्यावर १६९ नावं कोरली होती. ब्रिटनने १९२१मध्ये क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती नेमली. १९२८च्या स्टॉकहोम परिषदेत जी आंतरराष्ट्रीय समिती जन्मली, तीच आजची आयसीआरपी. तिने आधी ‘सहन होईल इतकी मात्रा’ ठरवली. पुढे सहन होण्याची अशी स्वच्छ रेषा नसतेच, हे उमगल्यावर १९७७पर्यंत ‘वाजवी प्रयत्नांनी जितकी कमी ठेवता येईल तितकी’ या तत्त्वावर ती येऊन ठेपली. इथेच तपासणीचा स्वभाव पालटला. मर्यादेचं पालन मोजता येतं. वाजवी प्रयत्न मोजायचा कसा? दिवसभराचं काम पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

भारतात ही परंपरा मुंबईने घडवली. तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झाली आणि देशात समस्थानिकं तयार होण्याची वाट मोकळी झाली. परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारी १९६३मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. देशातल्या न्यूक्लिअर मेडिसिनचं माहेर तेच. रुग्णालयांना लागणारे भौतिकशास्त्रज्ञ घडवणारा भाभा अणुसंशोधन केंद्राचा पदविका अभ्यासक्रम साठच्या दशकातला. आजही दक्षिणेतल्या एखाद्या रुग्णालयात ‘तुम्ही कुठल्या बॅचचे?’ असं विचारलं, तर उत्तरात अणुशक्तीनगरच्या वसतिगृहाच्या मेसची तक्रार ऐकायला मिळते. (मीही ती करते.) कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा, मात्रा मोजणारा फिल्म बॅज १९७५च्या सुमारास मागे पडू लागला आणि तुर्भ्यातच विकसित केलेला, कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्यांचा टीएलडी बॅज आला. कोबाल्ट मशीनही पुढे देशी झालं. भाभाट्रॉन पहिल्यांदा बसवलं गेलं ते खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात.

कायद्याची चौकट उभी राहिली ती १९६२च्या अणुऊर्जा अधिनियमावर आणि १९७१च्या किरणसंरक्षण नियमांवर. त्या नियमांची जागा २००४च्या नियमांनी घेतली. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ला स्थापन झालं. मुख्यालय अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. बेंगळुरूसह दक्षिणेच्या तपासण्यांसाठी चेन्नईत प्रादेशिक केंद्र आहे. स्थापनेपासून या मंडळामागे एक आक्षेप लागला आहे: ज्या अणुऊर्जा खात्यावर नजर ठेवायची, त्याच्याच छत्रछायेत ते वाढलं. १९९३ ते १९९६ या काळात अध्यक्ष असलेल्या ए. गोपालकृष्णन यांनी हे उघडपणे मांडलं. रुग्णालयांच्या बाबतीत हा आक्षेप मला थोडा कमी लागू वाटतो, कारण बहुतेक रुग्णालयं खात्याची नाहीत. तिथली खरी अडचण मनुष्यबळाची होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२च्या अहवालात दाखवून दिलं की देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती, आणि किरणोपचार केंद्रांच्या तपासण्याही ठरल्यापेक्षा फारच कमी होत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये प्रत्येक राज्याला किरणसुरक्षा संचालनालय उभारायला सांगितलं होतं. २०१२पर्यंत ते उभं होतं फक्त केरळात आणि मिझोराममध्ये. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने इतकी वर्षं काय केलं, हा प्रश्न लेखकांनी हळू आवाजात विचारला आहे. मी असते तर जरा मोठ्याने विचारला असता.

त्यानंतर ईलोरा ही ऑनलाइन प्रणाली आली. जागेचा आराखडा, भिंतींची जाडी, सोर्स खरेदीची परवानगी, किरणसुरक्षा अधिकाऱ्याची म्हणजे आरएसओची नेमणूक, परवाना, वार्षिक अहवाल, हे सगळं तिच्यावर चालतं. कागद वाचले आणि दलालही घटले. पण संगणकावर हिरवी खूण दिसली की खोली सुरक्षित आहे, असा समज पसरण्याचा नवा धोका तिने आणला. पुस्तकाचा मोठा भाग या समजाशी भांडण्यात खर्ची पडला आहे, आणि तो उत्तम आहे.

तपासनीस आल्यावर घडतं तरी काय? त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: सोर्स कुठे आहे? रजिस्टर, ईलोरावरची नोंद आणि प्रत्यक्ष खोली, तिन्ही जुळायला हवीत. मग तो दाराकडे वळतो. किरण चालू असताना दार उघडलं तर सोर्स आत जायलाच हवा. खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दाबायचं बटण न दाबता मशीन सुरू होता कामा नये. भिंतीवरचा गॅमा झोन मॉनिटर वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो का? सर्व्हे मीटरवरच्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीवर कोणती तारीख आहे? कोबाल्टचा सोर्स बाहेर अडकला तर हाताने आत ढकलायचा टी-आकाराचा दांडा कुठे टांगलाय? हा शेवटचा प्रश्न चांगला तपासनीस आरएसओला विचारत नाही, रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला विचारतो. उत्तर देताना त्याची नजर लगेच भिंतीकडे गेली तर ठीक. तो कपाट उघडू लागला, तर अहवालात एक ओळ वाढते.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये चाल निराळी. तिथे पदार्थ सीलबंद नसतो. तो सांडतो, टेबलाला लागतो, रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडतो. म्हणून हॉट लॅबच्या ओट्याचे पुसून घेतलेले नमुने पाहायचे, कचऱ्याच्या शिशाच्या पेट्यांवरच्या तारखा पाहायच्या, आणि विलगीकरण खोलीच्या शौचालयाचं पाणी ज्या डिले टाक्यांत साठवतात तिथवर जिने उतरून जायचं. आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं आयोडीन टाकीत पुरेसं थांबलं की पाणी गटारात सोडता येतं. एक टाकी भरत असताना दुसरी थांबलेली असावी लागते. रुग्ण वाढले आणि टाक्या तेवढ्याच राहिल्या, तर हे गणित कोलमडतं. सफाई कामगाराला यातलं काय सांगितलंय, हे विचारणारे तपासनीस थोडे. लेखकांनी त्या कामगारांसाठी स्वतंत्र प्रकरण दिलं, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

बॅजची गोष्ट तर दर तिमाहीला ठरलेली. भारतात कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि एका वर्षात कमाल ३०, अशी मर्यादा आहे. आयसीआरपीने एका वर्षासाठी ५० सुचवले होते, आपण जास्त कडक राहिलो. सामान्य माणसासाठी मर्यादा एक. एखाद्या बॅजवर अचानक मोठा आकडा आला की चौकशी होते, आणि पुष्कळदा निष्पन्न होतं की एप्रन आणि त्याला टोचलेला बॅज उपचारखोलीतच टांगलेला राहिला होता. त्याउलट, रोज सोर्सजवळ काम करणाऱ्याच्या बॅजवर वर्षभर शून्यच येत असेल, तर अनुभवी माणसाला जास्त काळजी वाटते. बॅज घरी, ड्रॉवरमध्ये सुरक्षित असतो. तसंच रजिस्टरचं. महिनाभराच्या रोजच्या नोंदी एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात दिसल्या की त्या कधी लिहिल्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुस्तकातली परदेशी प्रकरणं भीती घालण्यासाठी आलेली नाहीत. त्यातली दोन मला वर्गात शिकवावीशी वाटतात. कोस्टारिकात सान होसेच्या रुग्णालयात १९९६मध्ये कोबाल्टचा नवा सोर्स बसवला. त्याची तीव्रता काढताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असं धरलं गेलं. ते असतात १८. साध्या दशांश अपूर्णांकाची चूक, आणि ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा निम्म्याहून अधिक जास्त मात्रा मिळत राहिली. दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे एकदा मोजलं असतं तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती. कोबाल्ट तसाही दर महिन्याला साधारण एक टक्क्याने क्षीण होतो आणि उपचाराच्या वेळेचे तक्ते त्याप्रमाणे बदलावे लागतात. तपासनीस ते तक्ते मागतो ते याचसाठी.

दुसरं प्रकरण पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावचं, नोव्हेंबर १९९२चं. उपचार चालू असताना इरिडियमचा बारीक सोर्स तारेपासून तुटून वृद्ध रुग्ण बाईच्या शरीरातल्या नळीत राहिला. खोलीतल्या मॉनिटरने इशारा दिला होता. पण तो आधीही उगाच वाजायचा, आणि मशीनचा पडदा तर सोर्स सुरक्षित आत गेल्याचं सांगत होता. हातातलं सर्व्हे मीटर उपलब्ध असूनही कोणी ते रुग्णाजवळ नेलं नाही. बाई शुश्रूषागृहात परत गेल्या, चार दिवसांनी नळी निघाली, पाचव्या दिवशी त्या गेल्या. नळी कचऱ्यात पडली आणि सोर्स सापडला तो कचऱ्याची वाहतूक करणाऱ्यांच्या किरणमापकामुळे. या घटनेनंतर ‘उपचार संपल्यावर रुग्णाला सर्व्हे मीटर लावा’ ही ओळ जगभरच्या नियमांत ठळक झाली. आपल्याकडेही ती आहे. तपासणीच्या दिवशी ती पाळलीही जाते. प्रश्न उरतो तो एरवीच्या, वेटिंग हॉल भरलेल्या सोमवारचा. खोटा वाजणारा मॉनिटर दुरुस्त न करता त्याचा आवाज बंद ठेवलेला आढळला, तर माझ्या मते ते यादीतल्या कुठल्याही त्रुटीपेक्षा गंभीर आहे. लेखकांनी त्याला ‘मध्यम’ श्रेणी दिली आहे.

आणि मग विसराचा शेवटचा टप्पा. ब्राझीलमधल्या गोयानियात एक किरणोपचार संस्था १९८५मध्ये दुसरीकडे हलली आणि सीझियमचं मशीन जुन्या इमारतीतच सोडून गेली. नियामकाला कळवलं नाही. सप्टेंबर १९८७मध्ये भंगारवाल्यांनी ते फोडलं. चार माणसं मेली, २४९ जणांना संसर्ग आढळला, लाखाहून अधिक लोकांना तपासावं लागलं. आपल्याकडे २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात जे घडलं त्याचा सोर्स दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या गॅमा सेल या कोबाल्ट-यंत्रातला. १९८५पासून न वापरलेलं ते यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. एक कामगार दगावला, अनेक जण आजारी पडले. रुग्णालयांतल्या काही रक्त-विकिरण यंत्रांत याच जातीचा कोबाल्ट असतो. म्हणून परवाना देण्याइतकीच यंत्राची सेवानिवृत्ती तपासणं महत्त्वाचं. आज देशभर कोबाल्ट मशिनं जाऊन लिनिअर अॅक्सिलरेटर येत आहेत, आणि प्रत्येक जुन्या मशिनमागे कवचात बसलेला एक सोर्स उरतो. तो पुरवठादाराकडे किंवा सरकारी विल्हेवाट केंद्राकडे पोचेपर्यंत फाईल बंद होता कामा नये.

या कामाकडे पाहण्याच्या रीती देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत १९५९च्या कायदादुरुस्तीनंतर बहुतेक काम राज्यांनी हळूहळू करारान्वये हाती घेतलं आहे, आणि यादी भरण्यापेक्षा उभं राहून काम पाहण्यावर तिथे भर आहे. ब्रिटनच्या २०१७च्या नियमांत सारा भार मालकावर: जोखीम तूच ओळख, सल्लागार तूच नेम, आम्ही तुझी जबाबदारी तपासू. भारतीय पद्धत या दोहोंहून केंद्रित. आराखड्यापासून सोर्सच्या शेवटापर्यंत प्रत्येक पायरीवर संमती घ्यावी लागते. सगळ्यांनी सामाईक मानलेली गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची पाच श्रेणींची वर्गवारी. तिच्यात कोबाल्ट मशीन आणि रक्त-विकिरण यंत्र पहिल्या, सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीत येतात. २००१नंतर या श्रेणीला सोर्स चोरीला जाऊ नये म्हणून कुलपं आणि कॅमेरेही चिकटले.

पुस्तक याच वेळी येण्यामागे एक कारण आहे. ल्युटेशियम-१७७ने उपचार करणारी केंद्रं वाढत आहेत, अॅक्टिनियम-२२५ येऊ घातलं आहे. ल्युटेशियमचं अर्धायुष्य आठवडाभराचं, पण ते ज्या पद्धतीने बनतं त्यानुसार त्यात १६० दिवस टिकणारी अशुद्धी येऊ शकते, आणि कचऱ्याच्या खोलीचं वेळापत्रक पार बिघडतं. अॅक्टिनियम अल्फा कण सोडतं. गॅमा मोजायला घेतलेलं मीटर ते कण पकडत नाही. म्हणजे जुनी यादी हातात घेऊन फिरणारा तपासनीस नव्या खोलीत सगळं ठीक असल्याचा शेरा देऊन बाहेर पडू शकतो. हे उपचार आता महानगरांपुरते राहणार नाहीत. कोल्हापूर, नाशिक, बेळगावच्या रुग्णालयांतले व्यवस्थापक, परिचारिका, बायोमेडिकल अभियंते यांना मराठीत काही वाचायला हवं होतं. ते आता आहे. भौतिकशास्त्र बारावीपर्यंतचं असलं तरी पुरतं. सूत्रं परिशिष्टात ढकलली आहेत. पत्रकारांनीही वाचावं, निदान ‘किरणोत्सर्गाची गळती’ असा मथळा देण्याआधी.

एका मुद्द्यावर मात्र माझं लेखकांशी जमलं नाही. फ्रान्समध्ये एपिनालच्या रुग्णालयात २००४-०५मध्ये रुग्णांना अतिमात्रा दिली गेल्याचं पुढे उघड झालं. त्यानंतर किरणोपचारातल्या चुका नियामकाला कळवणं तिथे नेहमीचं झालं. तपासणीनंतर रुग्णालयाला पाठवलेली पत्रंही फ्रेंच नियामक आपल्या संकेतस्थळावर टाकतो, कोणीही वाचावीत. आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालात तपासण्यांची संख्या मिळते. अमुक रुग्णालयात काय आढळलं ते मिळत नाही. लेखकांचं म्हणणं, नावं जाहीर केली तर रुग्णालयं चुका दडवतील, आरएसओवर दबाव येईल आणि आज जे थोडंफार प्रामाणिकपणे कळवलं जातं तेही थांबेल. भीती खरी आहे. पण स्वतःहून कळवलेली चूक आणि तपासनिसाने पकडलेली चूक यांना दोन वेगळे न्याय लावता येतात, आणि तसे लावले की दडवणं महाग पडतं. कोलकात्याहून दीड दिवस रेल्वेने येऊन बोम्मसंद्र्याच्या लॉजमध्ये उतरणारं कुटुंब डॉक्टरची पदवी, मशीनचं नाव आणि पॅकेजचा दर विचारून घेतं. त्याच खोलीची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात काय निघालं, हे विचारायची सोय त्यालाही असावी. या वादावर आम्ही फोनवर बराच वेळ घालवला. छापील मजकुरात त्यांची भूमिका तशीच आहे, आणि इथे माझी.

बोम्मसंद्रा, बेंगळुरू